विहिरीतला धूर कोणत्या देशाच्या नावावर?

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, कुरखेड्याच्या माझ्या धानवाल्या भावांनो, बहिणींनो... आपलं सगळ्यांचं एक दुखणं आहे. चंद्रपूरची धुराडी आपल्या भागात, राख आपल्या मातीत, आणि वीज मात्र दूरच्या शहरांत. आपल्या बांधावर खांब येतो, तार येत नाही. तार आली तर करंट येत नाही.

परवा कुरखेड्याकडे जाताना रस्त्याकडेला एक विहीर दिसली. आत फळ्यांचं मचाण बांधलेलं, आणि त्यावर डिझेल इंजिन... मी गाडी थांबवली. उतरलो, पण पाय पुढे जाईनात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. धान निसवायचे, लोंब्या बाहेर पडायचे दिवस होते आणि परतीचा पाऊस फिरकला नव्हता. त्या दिवशी ब्रह्मपुरीत माझं भाषण होतं. विषय मोठा होता... शेतीसाठी जाळलेल्या इंधनातून आणि विजेतून कोणता देश किती कार्बन हवेत सोडतो.

सकाळी रफिकभाईंच्या दुकानात माझा चुलतभाऊ देवरावदादा भेटला. रफिकभाई म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या साऱ्या इंजिनांचे डॉक्टर. दादा दुरुस्त झालेलं इंजिन न्यायला आला होता. त्याच्याही बांधावर खांब उभा होता, नुसताच.

"काय सांगून राह्यला गा आज भाषणात?" त्यानं विचारलं. मी माझा तक्ता उलगडून दाखवला. श्रीमंत देशांचे उंच उंच खांब... त्यांचे ट्रॅक्टर, त्यांचे पंप, त्यांची धान्य सुकवायची यंत्रं. आणि माणशी हिशेब केला तर शेवटी आपला बुटका खांब.

"म्हंजे इथीबी आपला शेवटचा नंबर!" दादा हसला. रफिकभाई हात पुसत म्हणाले, "अरे देवरावभाऊ, पहिल्यांदा शेवटी असनं चांगलं हाय म्हनते हा, अन तू रडून काऊन राह्यला?" मग दोघांनी मिळून इंजिन बैलबंडीत चढवलं. दादा गेला.

मी दुपारी बोललो. तुम्ही मला ऐकलंय, मी हळू बोलत नाही. ज्यांनी जग धुरानं भरलं त्यांनी आम्हाला काटकसर शिकवू नये, असं म्हणालो. टाळ्या थांबेनात. त्यातला शब्दही मी आज मागे घेत नाही...

चहाचा कप हातात होता, तेव्हा गावाकडच्या जीपवाल्यानं निरोप आणला.

पाणी इतकं खोल गेलं होतं की काठावरून इंजिन ते ओढेना. मग दादानं तेच केलं, जे आपल्याकडे सगळे करतात. मचाण बांधून इंजिन विहिरीत उतरवलं आणि हँडल मारून वर आला. धानाला पाणी सुरू झालं. थोड्या वेळानं इंजिन आपोआप बंद पडलं. काय बिघडलं ते पाहायला दादा खाली उतरला...

वर आलाच नाही. शेजारचा नामदेव त्याला काढायला धावला. दादाच्या बायकोनं, शांतावहिनीनं, त्याच्या कमरेला आधी दोर बांधायला लावला, म्हणून तो तरी अर्धमेला वर ओढता आला. त्या अवस्थेतही तिला तेवढं सुचलं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी दोरानं इंजिन बाहेर काढलं. रफिकभाई आले होते. रात्रभर त्यांना एकच घोर, आपल्याच दुरुस्तीत काही राहून गेलं का... त्यांनी हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. त्यात काहीच बिघाड नव्हता. विहिरीत सगळा धूरच साचला होता. इंजिनालाही श्वास घेता आला नव्हता.

रफिकभाई तिथेच चिखलात बसले. म्हणाले, "मले वाटे, इंजिन बरं केलं म्हंजे मानसाचं काम झालं."

दादानं सकाळच्या तक्त्याची गंमत घरी हसत हसत सांगितली होती. चार दिवसांनी वहिनीनं मला विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या तक्त्यात ह्यांच्या विहिरीतला धूर कुठी मांडान जी? तो त आभायात गेलाच नाई."

देशांच्या तुलना लागतातच. मी त्या आजही करतो, आणि जो जास्त जाळतो त्याला जाब विचारतो. पण आपला खांब बुटका दिसतो तेव्हा मला त्याच्याखाली ती विहीर दिसते. विजेची तार पोचली नाही, तिथे आपण माणूस उतरवला.

परवा त्या कुरखेड्याच्या रस्त्यावर शेवटी मी विहिरीशी गेलोच. शेतकरी तरुण होता. आधी म्हणाला, "सगळेच उतरवते ना जी." मी त्याला दादाची गोष्ट सांगितली. तो घरून दोर घेऊन आला. वाटेनं जाणाऱ्या दोघांना हाक मारली आणि आम्ही चौघांनी ते इंजिन वर ओढलं.

तारेसाठी भांडू, मी पुढे उभा राहीन. पण तुमच्या विहिरीत आज इंजिन असेल तर कोणाला खाली न उतरवता, काठावरून दोरानं, ते आजच बाहेर काढा. धान वाळलं तर वाळू द्या. पुढच्या वर्षी ते पुन्हा रोवता येतं.