मनुकाकाकूंनी पुढे सरकवलेलं तबक

साऱ्या मंडळीसाठी प्रभुभोजन ज्या हातांनी तयार व्हायचं, तेच हात आपल्यापुढे आलेलं तबक शेजारणीकडे सरकवायचे. अंबरनाथच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मनुकाकाकू बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसत. पाळकसाहेब आधी भाकरीचं तबक फिरवत, मग द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचं. काकू दोन्ही वेळा तबक हातात घेत, मान खाली घालत आणि काहीही न उचलता पुढे देत. महिन्याच्या दर पहिल्या रविवारी, अकरा वर्षं. लोक म्हणत, नवरा गेल्यापासून काकूंचं देवाशी बिनसलंय. देवाशी त्यांचं काहीही बिनसलं नव्हतं. खरं कारण मला ठाऊक होतं. त्या अकरा वर्षांत मी दाराजवळच्या बाकावर बसत होतो आणि तबक यायच्या आत उठून बाहेर पडत होतो.

मंडळीच्या स्मरणिकेसाठी नव्या पाळकसाहेबांनी सगळ्यांना लिहायला सांगितलंय. कठीण काळात ज्या माणसाकडून विश्वास आणि प्रीती शिकलात, त्याच्याविषयी लिहा, आणि शेवटी काही बोध येऊ द्या, असं म्हणाले. माणूस मला लगेच सुचला. बोधाचं बघू.

काकूंना हे नाव रविवारच्या शाळेतल्या मुलांनी दिलं. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस काळ्या मनुका उकळून करतात. काकू शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. उरलेला चोथा टाकायच्या नाहीत. पिळून निघालेल्या त्या बेचव मनुका कागदाच्या पुड्यांत बांधून मुलांना वाटायच्या. मुलं तोंड वाकडं करून खायची आणि पुन्हा हात पुढे करायची. मनुका आणायला त्या उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे जायच्या. तो दर वेळी विचारायचा, "बाई, तुम्हारे भगवान को हर महिने इतना मनुका लगता है?" काकू पिशवी पुढे करून म्हणायच्या, "उसको कुछ नहीं लगता सेठ, हमको लगता है." तो हसायचा आणि मूठभर जास्त टाकायचा.

नगरकडच्या आमच्या गावच्या पाळकांचं पत्र खिशात घालून मी अंबरनाथला आलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पत्र मंडळीच्या नावानं होतं, पण राहायचं कुठे हे त्यात नव्हतं. पहिल्याच रविवारी उपासनेनंतर काकूंनी ते पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि आमच्या रीतीनं म्हणाल्या, "सलाम. जेवायला चल. नंतर बघू काय करायचं तुझं." मोरिवलीच्या चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत मी वर्षभर जेवलो. काका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. त्यांनीच शब्द टाकून मला टेम्पररी म्हणून लावलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. काका कमी बोलायचे. मी भात कमी घेतला, की ते न बोलता स्वतःच्या ताटातला माझ्या ताटात सारायचे.

त्याच वर्षी कंपनीत टाळेबंदी झाली. चार महिने गेट बंद. चाळीतल्या निम्म्या घरांत चूल पेटण्याचे वांधे. काकूंनी दारात मोठं पातेलं चढवलं; ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं त्यात आणून टाकायचं. कुणी मूठभर डाळ आणायचं, कुणी दोन बटाटे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं पाणी आणायचं. "पाण्यावाचून शिजतंय का?" असं त्या म्हणायच्या, म्हणून रिकाम्या हातानं कुणाला यावं लागलं नाही. शेजारची सुशीला बौद्ध होती. तिनं एकदा विचारलं, "काकू, तुमची प्रार्थना आधी का जेवण आधी?" काकू म्हणाल्या, "जेवण आधी. भुकेल्याला प्रार्थना सांगितली तर तो डोळे मिटून भाकरच बघतो."

जूनच्या पहिल्या रविवारी मनुका घ्यायची कुणाचीच ऐपत नव्हती. आदल्या दिवशी काकू बदलापूरच्या बाजारात गेल्या. बारवी धरणाकडच्या पाड्यांतल्या बाया तिथे जांभळं घेऊन बसायच्या. त्यांच्याकडची शेवटची, फुटकी, मऊ पडलेली जांभळं त्यांनी आणली, त्यांचा रस काढला आणि भाकर म्हणून तांदळाची भाकरी केली. तेव्हाचे पाळकसाहेब जरा घाबरले. "काकू, हे चालेल का?" काकू म्हणाल्या, "प्रभूच्या गावात द्राक्षं पिकत होती, त्यानं द्राक्षं घेतली. आपल्याकडं जांभळं आहेत." उपासना संपल्यावर पाळकांसकट सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा लोक हसले. आयुष्यात मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्या जांभळ्या जिभांएवढं काही लक्षात राहिलेलं नाही.

काकूंची आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. कुणाचा रुसवा बाकी असताना प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही, असं त्या मानत. आमच्यात हे सगळेच मानतात, पण फक्त मानतात. काकू शनिवारी रस गाळून झाला की पदर सारखा करून निघायच्या आणि महिन्याभरात ज्याच्याशी काही बिनसलं असेल त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आपण कुणावर रागावलोय का, हे त्यांच्या लेखी गौण होतं. समोरच्याच्या मनात आपल्याविषयी काही आहे का, एवढंच त्या बघायच्या. नळावर सुशीलाशी वाजलं होतं, तेव्हा तिच्याकडेही गेल्या.

"सुशीला, उद्या आमचं प्रभुभोजन आहे. तू रागावलीस का माझ्यावर?"

"मी कशाला रागावू? हंडा तुमचाच पहिला होता."

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"दाढ दुखते काकू. गाल बघा केवढा झालाय."

काकू परत आल्या आणि लवंग घेऊन पुन्हा गेल्या.

टाळेबंदी उठली आणि दोन महिन्यांत तो अपघात झाला. तो अजून मी कुणाला जसाच्या तसा सांगितलेला नाही.

दुपारची शिफ्ट होती. ॲसिडची टाकी भरत होती. बाजूच्या काचेच्या नळीत पातळी खुणेला आली की व्हॉल्व्ह बंद करायचा, हे माझं काम होतं. टेम्पररी माणसाला हे काम द्यायचं नसतं, पण माणसं कमी होती म्हणून सुपरवायझरनं मला उभं केलं होतं. कॅन्टीनमध्ये रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. पाच मिनिटं म्हणून गेलो. शेवटच्या ओव्हर होत्या. परत आलो तेव्हा टाकी वरून वाहत होती, आणि काका आपली जागा सोडून तो व्हॉल्व्ह बंद करायला धावले होते. त्यांनी तो बंद केला. पण तोवर ते त्या धारेखाली सापडले होते.

ते हॉस्पिटलमध्ये तीन दिवस होते. मी दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही. चौथ्या दिवशी त्यांना पुरलं. कबरीत मूठभर माती मीही टाकली.

आठवड्यानं ऑफिसात बोलावलं. टाईप केलेला कागद तयार होता. टाकी मयत कामगाराच्या ताब्यात होती, त्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, मी साक्षीदार. टेम्पररी माणसाच्या हातात ॲसिडची टाकी दिली हे कागदावर आलं असतं, तर कंपनी अडचणीत आली असती. साहेब म्हणाला, "देख, वो तो गया. अभी तू अपना देख. परमनंट व्हायचंय ना?" मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. सहा आठवड्यांनी परमनंट झालो.

हलगर्जीपणाचा शेरा असलेलं पत्र काकूंना मिळालं. त्यामुळे कंपनीकडून हातात फारसं काही पडलं नाही. त्या कॅम्प पाचमध्ये एका घरी पोरं सांभाळायला जाऊ लागल्या. मी बदलापूरला खोली घेतली आणि मोरिवलीची वाट सोडली.

दोन महिन्यांनी, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, काकू बदलापूरला माझ्या दारात उभ्या. हातात मनुकांची पुडी.

"लेकरा, तू रागावलास का माझ्यावर?"

"नाही काकू."

"मग घरी येत का नाहीस?"

"शिफ्ट असते."

"दोन महिने शिफ्टच चाललीय?"

मी चटई अंथरली. त्या खाली चटईवर बसल्या. म्हणाल्या, "मला कळतं तुझं. ह्यांच्या चुकीनं तूही गेला असतास. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? जाताना ते एवढंच बोलले, पोराला सांभाळ. त्यांच्याही मनाला तेच लागलं असणार. त्यांच्या वतीनं मी माफी मागायला आले."

आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे.

त्या क्षणी तीन शब्द पुरेसे होते. चूक माझी होती. मी म्हणालो, "जाऊ द्या काकू. मी मनात काही ठेवलेलं नाही." त्यांचा चेहरा उजळला. चहा घेतला, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बघून सुई मागितली, ते लावून दिलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तबक फिरू लागलं आणि मी उठून बाहेर आलो. पाप लपवून जो त्या भाकरीला हात लावतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे लहानपणापासून मनावर कोरलेलं. खोटी सही बिनदिक्कत केली होती, पण त्या भाकरीची मला भीती वाटली. तिसऱ्या बाकावरून काकूंनी मला जाताना पाहिलं. त्यांनी सरळ हिशेब लावला: मुलगा तोंडानं माफ केलं म्हणतो, पण मेजाजवळ येत नाही, म्हणजे राग गेलेला नाही. आणि त्याचा राग गेला नसेल, तर आपल्यालाही तिथे जागा नाही. त्यांनी तबक पुढे सरकवलं.

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. "अजून गेलं नाही वाटतं मनातून." मी म्हटलं, "गेलं काकू." "मग थांब ना उद्या." थांबलो नाही. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी येणं बंद केलं. पण दर पहिल्या रविवारी तबक हातात आलं की त्या एकदा दाराकडे बघायच्या. मी मात्र स्वतःला सांगत राहिलो की निदान भाकर खोटेपणानं खात नाही, एवढा तरी प्रामाणिक आहे. माझ्या त्या प्रामाणिकपणापायी एक बाई अकरा वर्षं उपाशी राहिली.

माझं लग्न झालं. बायको म्हणायची, "त्या म्हातारीशी गोड बोलायला तुमचं काय जातं?" एकदा स्टेशनबाहेर सुशीलानं गाठलं. "काय रे, केवढा राग तुझा. अकरा वर्षं पुरवून पुरवून वापरतोस. त्या पातेल्यात तू काय आणून टाकायचास, मला आठवतं. पाणी." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. रागीट म्हणवून घेणं सोपं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काकू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. काकूंनी तोंड फिरवलं. "आधी त्याला बोलवा." निरोप घेऊन सुशीला आली. मी गेलो. खोलीत पाळकसाहेब, सुशीला, माझी बायको आणि मी. रस बाजारच्या बाटलीतला होता. मनुका उकळायला कुणी नव्हतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. पाळकसाहेबांनी तबक पुढे केलं. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती, आणि ते मला पुरतं कळत होतं. सांगितलं असतं, तर काका निर्दोष आहेत हे ऐकून त्या गेल्या असत्या. मी चौघांच्या तोंडांकडे पाहिलं. मग भाकर उचलली आणि खाल्ली. पेला घेतला आणि रिकामा केला. काकूंनी तोंड उघडलं. सुशीलानं त्यांचं डोकं उचलून धरलं, पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा रसात भिजवून त्यांच्या जिभेवर ठेवला.

बराच वेळ त्या तो चघळत होत्या. मग म्हणाल्या, "आता ह्यांना सांगते वर गेल्यावर, पोरानं माफ केलं म्हणून."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

ती कंपनीही पुढे बंद पडली. ज्या नोकरीसाठी सही केली, तिचं गेट आता गंजलंय, आणि बदलापूरहून येताना मी तिकडे बघायचं टाळतो. माझा विश्वास काकूंएवढा नाही, पण एवढा आहे की ती दोघं भेटली असतील असं मला वाटतं. काकूंनी निरोप सांगितला असेल. मग काकांना खरं सांगावंच लागलं असेल.

पाळकसाहेब, तुम्ही बोध मागितलात. प्रीती मी पाहिली, पोटभर खाल्ली, आणि तिच्याच जोरावर वाचलो. एवढं मी लिहू शकतो. त्यातून काय शिकायचं ते ज्यांनी सही केली नाही त्यांनी सांगावं. माझ्याकडे फक्त एक दुरुस्ती आहे, ती जशीच्या तशी छापा: त्या दुपारी व्हॉल्व्ह माझ्या ताब्यात होता, काकांच्या नव्हता.

छापायचं नसेल तरी हरकत नाही. येत्या पहिल्या रविवारी, तबक फिरायच्या आधी, मी हे मंडळीसमोर उभा राहून वाचणार आहे. सुशीलाला यायला सांगितलंय. वाचून झाल्यावर मी दाराजवळ बसणार नाही. तिसऱ्या बाकाच्या समोर, पुरुषांच्या बाजूला बसेन. तबक माझ्यापर्यंत आणायचं की नाही, ते मंडळीनं ठरवावं.