सरांचा स्विस आणि येडगावचं मूळ

प्राध्यापक अमृत यांनी आयुष्यात एकच मोठं काम केलं. एका स्विस माणसाला मराठीत आणलं. हा विसाव्या शतकातला बडा प्रॉटेस्टंट धर्मपंडित. त्याचं नाव सरांच्या गावात, निमगाव सावात, कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याला ‘सरांचा स्विस’ म्हणत. सर त्याच्याकडे श्रद्धेनं वळले असं कुणी समजू नये. पुण्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की या विषयावर मराठीत कुणी लिहिलेलं नाही, म्हणजे चुका काढणाराही नाही. सरांना तेवढं पुरलं.

स्विसाचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस उपासतापास आणि पुण्याची शिडी लावून देवापर्यंत चढू बघतो, पण ती शिडी पोहोचतच नाही. देवच उठून माणसाकडे येतो, आणि लायकी न विचारता येतो. एवढ्यावर सरांनी जाडजूड प्रबंध लिहिला. त्यांची बायको हर्षाली बी.ए. झालेली; तिनं तो सगळा सुवाच्य अक्षरात उतरवला.

एका जागी सर अडले. देव उठून येतो हे वाचकाला समजवायचं कसं? हर्षाली भाकरी थापता थापता म्हणाली, “मुऱ्हाळ्यासारखा येतो. सासरी अडकलेल्या लेकीला आपल्या मनानं निघता येत नाही. माहेरचा माणूसच बोलावणं, मूळ घेऊन न्यायला येतो, तसा.”

“फार गावठी आहे,” सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते प्रबंधात गेलं. परीक्षकांनी नेमक्या त्याच वाक्यावर मान डोलावली. घरी येऊन सर म्हणाले, “मला सुचतं ते असं अचानकच.”

दोन हजार एक साली त्यांचा मुलगा सार्थक बारावीला नापास झाला. सरांनी त्याला ओसरीवर उभं केलं. “भावकीसमोर माफी माग, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस.” पोरगं माफी न मागताच निघून गेलं. येडगावला, मामाकडे.

आठवड्यानं मामाचा, म्हणजे हौशीरामचा फोन आला. “ताई, पोरगं जेवत न्हाई. सांजचं धरणाच्या भिंतीवर एकटंच जाऊन बसतंय. मी लांबून नजर ठेवतो, पर मला लई धास्ती वाटती.”

हर्षालीनं फोन ठेवला. ती सरांना म्हणाली, “तुम्ही जा. तुम्ही गेलात तर येईल तो.”

“मी जाऊ? चूक त्याची. यायचं त्यानं,” असं म्हणून सर पुन्हा प्रबंधाचं पुस्तक करायला बसले. प्रकरण देवाच्या कृपेचं होतं.

त्या रविवारी जुन्नरच्या चर्चमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. सर नवं जाकीट घालून उभे राहिले. हर्षाली मागच्या बाकावर बसली होती. तिच्या डोळ्यांपुढून धरणाची भिंत हलत नव्हती. सर रंगात आले, हात पसरून म्हणाले, “मित्रहो, देव मुऱ्हाळी होऊन येतो!” टाळ्या पडल्या.

पुढच्या बाकावरून झुंबरबाई उठल्या. तालुक्यात निम्मी बाळंतपणं केलेल्या निवृत्त नर्स, तोंडाच्या फटकळ. “सर, एक इचारू का? तुमचं पोरगं येडगावला जाऊन बसलंय म्हनं. त्याला मूळ कोन गेलं?”

“हा व्यक्तिगत प्रश्न आहे. इथं चर्चा ईश्वराची चालली आहे.”

“आसं व्हय! म्हंजी चालायचं देवानं, आन् तुमी नुसतं सांगायचं!”

बाकं हसली. सर पाणी प्याले आणि तळटिपांकडे वळले.

हर्षाली त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाच्या होकारासाठी आपण आठवडाभर थांबलो, याचंच तिला नवल वाटलं. एका म्हातारीच्या प्रश्नाला भिऊन जो तळटिपांत शिरतो, त्याला काय विचारायचं? तळटिपा चालू असतानाच ती उठली आणि येडगावच्या जीपमध्ये जाऊन बसली.

सार्थक भिंतीवरच होता, गुडघ्यात मान घालून. तिला बघून म्हणाला, “बाबांनी पाठवलं?”

“नाही. मूळ घेऊन आलेय. मुऱ्हाळी आल्यावर प्रश्न विचारत नाहीत, पिशवी भरतात.”

“मी काय सासुरवाशीण आहे?”

“तुझ्या बापाच्या घरात आपण सगळेच सासुरवासी.”

पोरगं हसलं. मग रडलं. मग पिशवी भरायला उठलं.

निमगावला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सर दारातच उभे होते, अंगात अजून जाकीट. “माफीचं काय ठरलं?”

“मुऱ्हाळ्याला दारात अडवत नाहीत,” हर्षाली म्हणाली. सर हलले नाहीत.

आतून सरांची आई, साळुबाई, पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आली. “अमृता, सर तिकडं. दारात मूळ आलंय.”

“आई, हा तत्त्वाचा प्रश्न—”

म्हातारीनं तुकडा नातवावरून ओवाळून टाकला आणि त्याच्या पायांवर भडाभडा पाणी ओतलं. शिंतोडे सरांच्या नव्या चपलांवर उडाले. चपला भिजायला नकोत म्हणून सर चटकन बाजूला झाले.

सार्थक ओल्या पायांनी आत गेला आणि थेट भाकरीच्या टोपलीपाशी बसला.