फर्माइशीतली दोन नावं

दुपारी रेडिओवर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागला की सगळी गल्ली गाण्याची वाट बघायची. आमचे टेलरमास्तर वाट बघायचे ती नावांची. कुठल्या गावाहून कोणी कोणी हे गाणं मागितलंय, ही यादी निवेदिका वाचायला लागली की मास्तरांचा पाय मशीनवर थांबायचा आणि ओठात धरलेली टाचणी ओठातच राहायची. यादी संपून गाणं सुरू झालं की मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. एकदा मी म्हटलं, “मास्तर, लोक गाण्यासाठी नावं सोसतात. तुमचं सगळं उलटंच.” तर म्हणाले, “वहिनी, गाणं काय, चार दिवसांनी पुन्हा लागते. नाव पुन्हा येईनच याचा भरवसा नाही.”

मी लग्न होऊन नागपूरला धरमपेठेत आले ती साठीचं दशक संपता संपता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान होतं. उंच, सडपातळ माणूस, गळ्यात कायम टेप. दीक्षेच्या वर्षी ते वडिलांबरोबर बौद्ध झाले होते. दुकानात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर रेडिओ, आणि रेडिओला त्यांनी स्वतः शिवलेलं झालरीचं कव्हर. एकटेच राहायचे. लग्नाचं कोणी छेडलं की हसून म्हणायचे, “माझ्या मापाचं कोणी भेटलंच नाही.” गल्लीतल्या बायकांनी दोन-तीन स्थळं आणून पाहिली. प्रत्येक मुलीला त्यांनी एकेक सुरेख ब्लाऊज शिवून दिला आणि विषय मिटवला.

कापडावर खडूनं ते अशी रेघ मारायचे की बघत राहावं, पण कागदावर पेन धरलं की अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणून रेडिओला पाठवायची पोस्टकार्डं माझ्याकडून लिहून घ्यायचे. मी लग्नाआधी शाळेत शिकवत होते, अक्षराची मला घमेंड होती. गाणं एका ओळीत उरकायचं आणि नावांची यादी मात्र कार्डाच्या कडेपर्यंत जायची. माझं, माझ्या नवऱ्याचं, समोरच्या देशकर काकूंचं, त्यांच्या नातवंडांचं, दूधवाल्याचं, सगळ्यांचं नाव. मधेच कुठंतरी ‘यशवंत’, म्हणजे मास्तर स्वतः, आणि त्याला लागून ‘मनोहर’. कार्ड वाचलं गेलं की गल्लीत दिवाळी. रेडिओत आपलं नाव ऐकून देशकर काकू तर डोळे पुसायच्या. मास्तर मनानं मोठा माणूस, सगळ्यांची आठवण ठेवतो, असं आम्ही म्हणायचो.

मनोहर नागपूरजवळच्या कन्हानचा. तिथल्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. बँडचे लाल कोट मास्तरांकडे शिवायला आले होते, त्यात हा पहिल्यांदा आला. बाकीच्या वादकांचे कोट एका फिटिंगमध्ये झाले. मनोहरच्या कोटाला चार फिटिंग लागले. कधी बाही, कधी खांदा, कधी सोनेरी फीत. कोट झाला तरी मनोहर येतच राहिला. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी कन्हानच्या बसनं यायचा आणि दुकानाच्या मागच्या खोलीत क्लॅरिनेट वाजवत बसायचा. मास्तर शिवताना मशीनचा वेग त्या सुरांना सांभाळून ठेवायचे. इतका अलगद पाय मी दुसऱ्या कुठल्या शिंप्याचा पाहिला नाही.

दोघं मिळून सीताबर्डीला तीनचा खेळ बघायचे. दुसऱ्या दिवशी मास्तर मला गोष्ट सांगायचे, पण अशी की त्यात हिरॉईन जवळजवळ नसायचीच. “पब्लिक हिरोच्या लग्नानं खूश होऊन घरी जाते, वहिनी. पण त्याचा तो दोस्त, जो गोळी खाऊन मरते, मरतेवेळी हिरोकडे कसा पाहून राहते, ते कोणी पाहत नाही. तो काहून मेला, हे पिच्चर काढणाऱ्यालेही माहीत नसन. मले माहीत आहे.” मी हसले होते. आपल्याला काही समजत नसलं की आपण हसतो, तसं.

मग एका उन्हाळ्यात मास्तर कार्ड घेऊन आले ते फार अस्वस्थ. एरवी गाण्याबद्दल बेफिकीर असणारा माणूस त्या दिवशी गाणं दोनदा बदलून म्हणाला, “हे कार्ड लागलंच पाहिजे, वहिनी. अक्षर एकदम साफ काढा.” मी म्हटलं, बिनघोर राहा. त्यांनी यादी सांगितली, मी कच्ची उतरवून घेतली आणि ते गेल्यावर पक्की करायला बसले. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. यादीचं नुसतं कडबोळं होतं. पोरांच्या मागे म्हातारे, बायकांच्या मधे दूधवाला. मी ती नीट लावली. आधी वडीलधारे, मग पुरुषमंडळी, मग आम्ही बायका, मग मुलं. मनोहर गल्लीतला नव्हता, म्हणून त्याला पाहुणा समजून सगळ्यांच्या शेवटी टाकलं. कार्ड इतकं देखणं झालं की पेटीत टाकण्याआधी मी ते नवऱ्याला दाखवलं.

तीन आठवड्यांनी ते लागलं. मी भाजी घेऊन दुकानापाशीच उभी होते. मशीन थांबलं. “नागपुर, धरमपेठ से…” म्हणत निवेदिकेनं नावं वाचायला घेतली. देशकर काका, काकू, यशवंत, माझा नवरा, मी… आणि मग ती म्हणाली, “और इनके तमाम साथी.” कार्डावर नावं फार, वेळ थोडा, शेवटची नावं ती अशीच गुंडाळायची. गाणं सुरू झालं. मशीन सुरू झालं नाही. काकू गच्चीतून ओरडल्या, “मास्तर, आलं हो आपलं नाव!” मास्तर वर बघून म्हणाले, “हो काकू, छान वाचली नावं.”

पुढच्या महिन्यात कन्हानला मनोहरचं लग्न झालं. नवरदेवाचा कोट मास्तरांनीच शिवला. एका फिटिंगमध्ये.

त्यानंतर मनोहर आला नाही. कार्डं मात्र चालूच राहिली. फरक एवढाच की मास्तर आता म्हणायचे, “मी सांगतो तोच क्रम ठेवा बरं, वहिनी.” असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका दिवाळीत, कामाच्या धबडग्यात, मी चिडून विचारलं की या कडबोळ्याचा एवढा काय हट्ट? मास्तरांनी कात्री खाली ठेवली. “त्या दोन नावांसाठी बाकीची गल्ली आहे, वहिनी. दोनच लिहिली असती तर लोक बोलले असते. गर्दीत कोण पाहते?” मग म्हणाले, “माझं मन होतं त्याच्यावर. तुमचं साहेबांवर आहे ना, तसंच. त्याच्या घरचे लग्नाच्या मागे लागले होते. मी त्याले म्हटलं, इथं ये, मागची खोली आहे, दोघं मिळून राहू. तो म्हणाला, लग्नाच्या आधी आपली नावं जोडीनं लागली तर मी घरच्यांले नाही म्हणतो आणि येतो.”

मी खरं सांगते, आधी दचकले. मग दचकल्याची लाज वाटली. आणि मग ते कार्ड आठवलं, माझं ते देखणं कार्ड. इतकी वर्षं या माणसाला माहीत होतं, आणि त्यानं माझ्याकडूनच पुढची कार्डं लिहून घेतली होती. मी रडायला लागले तशी मास्तरांनी अस्तराचा एक तुकडा डोळे पुसायला दिला. “तुम्ही बरोबरच लावली होती, वहिनी. कोणीही तशीच लावली असती.” त्यांचं हे बोलणं मला शिक्षेसारखं वाटलं. त्यांनी मात्र ते मनापासून म्हटलं होतं.

छपरांवर टीव्हीच्या काड्या उभ्या राहायला लागल्या त्या सुमारास मास्तर छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या भाच्यानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. भंतेजींचं पठण संपलं, लोक पांगले, तेव्हा दारापाशी कानशिलांवर केस पिकलेला एक माणूस उभा दिसला. मी मनोहरला ओळखलं ते त्याच्या कोटावरून. बँडचा नव्हे, लग्नातला. आता तो त्याला ढगळ झाला होता.

माझ्या छातीवर धोंडा होताच. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, की नाव मीच शेवटी टाकलं, माझ्यामुळे ते वाचलं गेलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वहिनी, रेडिओत त्याचं नाव आलं तेव्हाच मी समजलो होतो. यशवंत माझं नाव गाळणारा माणूस नाही. माझं नाव त्या ‘तमाम साथी’मध्ये आहे, हे मले तिथंच समजलं होतं. पण मले भेव लागून राहिलं होतं. नाव नाही आलं म्हणून मी नाही आलो, असं मी इतकी वर्षं स्वतःले सांगून राहिलो. तुमची काही चूक नाही.” आणि तो माणूस, लेकरंबाळं असलेला माणूस, मास्तरांच्या मशीनवर डोकं टेकून रडला.

जाताना त्यानं विचारलं, “एक कार्ड लिहून देता?” मी सवयीनं आधी देशकर काकूंचं नाव लिहायला घेतलं आणि थांबले. “मनोहरराव, आता गल्ली कशाला हवी?” त्यानं बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं. “खरं आहे. दोनच लिहा.” आधी कोणाचं, मी विचारलं. “त्याचं. मी उशिरा आलो.”

महिन्याभरानं ते लागलं. मास्तरांचा भाचा दुकानात शिवत होता, मी दाराशी उभी होते. “नागपुर से यशवंत और मनोहर,” निवेदिका म्हणाली आणि गाणं सुरू झालं. देशकर काकू आता काठी टेकत चालायच्या. त्या तशाच दारात आल्या. “काहून वं, मास्तर तर गेले ना? अन् आपली नावं काहून नाही आली?”

मी म्हटलं, “काकू, आपली नावं पुष्कळदा आली. आज त्यांची.”