बरोब्बर मधोमध

जगातली कुठलीही वस्तू बरोब्बर मधोमध मोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे सोलापुरात, सत्तरच्या दशकात, माझ्या शेजारी राहणारे जीवाणूशास्त्राचे सर. केळं असो, खडू असो, सर क्षणभर डोळे बारीक करीत आणि कट्! आणि कडक भाकरी सरळ मोडणं हे काय काम आहे, ते सोलापूरकरालाच विचारा. हे वेड त्यांना जीवाणूंनी लावलं होतं. "एकाचे दोन होताना हा पठ्ठ्या बरोबर मधी भिंत घालतो. ना डोळे, ना फूटपट्टी. मध्य कळतो कसा हो त्याला?" हे त्यांनी मला विचारलं, न्हाव्याला विचारलं, एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं. "ते ऱ्हाऊ द्या सर, तुमी आदी पुढं सरका की," तो म्हणाला.

पुढे सरांची थोरल्या भावाशी घराची वाटणी झाली. भिंत कुठे घालायची हे अर्थातच सरांनी सांगायचं. खडू हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. भिंतच नको, असं कुणी म्हणतंय का, याची वाट बघत असावेत. कुणी म्हणालं नाही. मग त्यांनी रेघ ओढली ती पार टोकाला, शेवटच्या खोलीपाशी. गवंडी चक्रावला. "सर, चुकलं की! मध्य हितं येतोय."

"बरोबर हाय. दादाची पोरं हैत. मी एकटा."

सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाचं लई कौतुक केलं आणि भिंत उभी राहिली.

सर मात्र पलीकडचा मुलांचा गलका ऐकत बसत. एका संध्याकाळी आपणहून म्हणाले, "काही जीवाणूंचं बिघडतं. भिंत टोकाला पडते. मग टोकाची इवलीशी पेशी सुटी होते. बाकी सगळं असतं तिच्यात, वारशाचा धागा तेवढा पलीकडं राहतो. जगते थोडी. पण तिचे पुन्हा दोन होत नाहीत."

भाकरी मात्र ते मधोमधच मोडत. अर्धी आपल्याला, अर्धी समोरच्या ताटात. "कुणी आलं तर," म्हणत. येणारा मीच असे. मग माझी टेंभुर्णीला बदली झाली. निरोपाच्या संध्याकाळी सरांनी भाकरी उचलली, डोळे बारीक केले आणि मोडली. पहिल्यांदाच वाकडी मोडली. मोठा तुकडा त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

"आज मधी नाही पडलं," म्हणाले, आणि उरलेला कपचा घेऊन भिंतीला टेकून बसले. पलीकडे मुलांची पानं मांडली जात होती.