एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी

मी हट्टी आहे असं सगळे म्हणतात. हा हट्ट मी बाबांकडून उचलला, हे मात्र कोणी म्हणत नाही.

बाबा सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. घरात बॉक्स कॅमेरा आला तो त्यांच्या हौसेनं. पण फोटो धुऊन आले की लिफाफ्यातच पडून राहायचे, आणि कोणता फोटो कधीचा यावर जेवताना वाद व्हायचे. शेवटी मी ते काम अंगावर घेतलं. काळ्या जाड पानांचा अल्बम आणला. कागदी कोपरे जिभेनं ओले करून पानावर चिकटवायचे आणि त्यात फोटो अडकवायचा. एका पानाला सोळा कोपरे, म्हणजे तोंडाला दुपारभर डिंकाची चव. प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीनं नंबर टाकला. निगेटिव्हच्या लिफाफ्यांवर तेच नंबर टाकून ते बिस्किटाच्या डब्यात लावून ठेवले.

बाबा बेहद्द खूश. त्यांनी मला कचेरीतला नियम शिकवला.

"नंबर एकदा देल्ला का देल्ला. कागद फाइलीतून काढला तं त्याचा नंबर दुसऱ्याले नाई द्याचा. त्या जागी चिठ्ठी ठेवाची. कोणता कागद, कोणं नेला, काहून नेला, अन् सही."

मी मान डोलावली. हा नियम मी त्यांच्यावरच चालवीन असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नर्सिंग शिकत होती, आणि त्यासाठी तिला सायकल शिकायची होती. आमच्या प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त, त्यामुळे पडायला जागा भरपूर. एक्केचाळीस नंबरच्या फोटोत ती बाबांच्या सायकलवर आहे, तोंड उघडं, वेणी उडालेली. मागचं कॅरिअर बाबांनी धरलं होतं, पण माझा नेम चुकला आणि फोटोत त्यांचा नुसता हात आला. त्यावरून त्यांनी मला वर्षभर चिडवलं.

पुढे ताईचं लग्न रामटेकला झालं. नवरा मारायचा. दोनदा ती परत आली आणि दोन्ही वेळा बाबा तिला स्वतः सासरी पोचवून आले. तिसऱ्यांदा ती घरी आलीच नाही. सरळ रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि नर्सांच्या होस्टेलवर राहिली. बाबांनी जाहीर केलं, की आजपासून तिचा या घराशी संबंध नाही. ती मार खात होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंड उघडत नव्हतं. त्यात मीही होते. त्याचा राग मला आजही येतो.

सहा महिन्यांनी मला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. पाहुण्यांपुढे अल्बम ठेवायची आमच्याकडे पद्धतच होती.

"तिचे फोटो काढून घे," बाबा म्हणाले. "अन् बाकीचे सरकवून घे. मधात जागा नको दिसाले."

"मी नाई काढत."

मग त्यांनीच काढले. आठ फोटो. रेकॉर्डवाले पडले, त्यामुळे डब्यातून निगेटिव्हही मोजून घेतल्या. मी बघत राहिले. एकही कोपरा फाटू न देता ते फोटो काढत होते, हे माझ्या ध्यानात आलं, पण तेव्हा रागात मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

ते कचेरीत गेल्यावर मी बसले आणि पांढऱ्या कागदाच्या आठ चिठ्ठ्या कापल्या, अगदी फोटोच्या मापाच्या. पहिलीवर लिहिलं: "क्र. ४१. ताई, सायकल शिकताना. अल्बममधून काढला: बाबांनी. कारण: नवऱ्याचं घर सोडलं. सही:" आणि पुढे रेघ. अशाच बाकीच्या सात. आठही चिठ्ठ्या रिकाम्या कोपऱ्यांत नीट बसवल्या.

आईनं पाहिलं. तिला वाचता यायचं, सावकाश. चारही ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या.

"फाडून टाक वं. पाहुणे येऊन राहिले."

"नाई फाडत."

आईनं पदरानं अल्बम पुसला आणि स्वतःच्या हातानं बैठकीतल्या टीपॉयवर नेऊन ठेवला.

पाहुण्यांत मुलाची आत्या होती. पोहे खात खात तिनं पानं उलटली आणि थांबली. मग चिठ्ठी मोठ्यानं वाचली. बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"ही ताई कोण?" आत्यानं विचारलं.

"माझी मोठी बहीण. रामदासपेठेत नर्स आहे. नवरा मारत होता म्हणून निघून आली."

आत्यानं अल्बम मिटला. चहा न घेताच मंडळी उठली.

फाटक लागलं आणि बाबा कडाडले, "काढ त्या चिठ्ठ्या!"

"कागद परत आल्याबिगर चिठ्ठी निघत नाई. तुमीच शिकवलं."

"हे घर आहे. कचेरी नोहे!"

"मंग घरात तं जास्तच सांभाळाले पायजे. अन् तुमची सही राहिली."

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. रोज सकाळी ते अल्बम उचलून कपाटात ठेवायचे, आणि ते सायकल काढेपर्यंत मी तो पुन्हा टीपॉयवर आणून ठेवायचे.

एका रविवारी दुपारी ते काढलेल्या फोटोंचा लिफाफा घेऊन बैठकीत बसले. एकेक चिठ्ठी काढली, एकेक फोटो अडकवला. मी दारातून मोजत होते. सात झाले.

"एक्केचाळीस?" मी विचारलं.

"तो राहू दे."

"कुठं आहे?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं. चष्म्याखाली तो फोटो होता, कडा मऊ पडलेल्या. सायकल, ताई आणि तो हात.

"हा माझ्याजवळ राहते," ते म्हणाले. "कचेरीत पाहाले."

मीही त्यांचीच मुलगी. पेन पुढे केला आणि म्हटलं, "मंग सही करा."

आता थोबाडीत बसते असं वाटलं. त्यांनी पेन घेतला. 'कारण' पुढची माझी ओळ एका रेघेनं खोडली आणि आपल्या कचेरीतल्या गोल अक्षरात वर लिहिलं: "स्वतःच्या वापरासाठी." खाली सही केली, तारीख घातली. ती चिठ्ठी आजही अल्बममध्ये आपल्या चार कोपऱ्यांत आहे.

मी पेनाचं टोपण लावलं. "येत्या रविवारी ताईले जेवाले आणते."

बाबांनी मान वर केली. "विचारून राहिली का सांगून राहिली?"

"सांगून राहिली."