समई पेटवणारा हात

नवागामातल्या कापड कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर एक तेलुगू कारागीर होता. कुठलाही विषय काढा, तो मद्रासला पूर्वी कामाला होता त्या बंद पडलेल्या फिल्म कंपनीवर यायचाच. एका सुट्टीला त्यानं त्या कंपनीच्या पिक्चरची कॅसेट आणली. भाड्याच्या व्हीसीआरचा मुखत्यार अर्थातच मी! मारामारी लवकर यावी म्हणून मी सुरुवातच पळवली.

“अरे भाऊ, पीछे लो! कंपनी का निशान गया!”

“त्यात काय बघायचं, अण्णा?” म्हणत मी मागे घेतलं. बांगड्यांनी भरलेला एक हात समई पेटवत होता.

“मेरी घरवाली का हाथ है. वहीं कपडे सीती थी. फोटो एक भी नहीं है.”

ती जाऊन वर्ष झालं होतं.

“और एक बार, भाऊ.”

मारामारीपर्यंत आम्ही पोचलोच नाही. व्हीसीआरवाला न्यायला आला तेव्हाही समईच पेटत होती.