तारलीचा काटा

“कवळी बरी हाय गो, पण टाळू झाकून गेली. काटा तोंडात हाय की नाय, कळतच नाय. आता तारली बंद.”

रत्नागिरीतल्या दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरच्या आजी आपल्या सुनेला सांगत होत्या. मी मोबाईलमध्ये डोकं घालून ऐकत होते. कोणी आपल्याशी बोलू नये यासाठी मोबाईल फार उपयोगी पडतो. माझ्या आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्यापर्यंत हे पोचलंच नाही.

आजोबा पूर्णगडचे, उभा जन्म होडीवर गेलेला. बारीक काट्यांची तारली मासळी खाण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. आम्ही बोटांनी चिवडत बसतो. ते घास तोंडात फिरवतात, जीभ टाळूला लावून काटा हुडकतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून अलगद बाहेर काढतात. वर आम्हालाच हसतात.

आत खुर्चीत बसवल्यावर डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, “आजोबा, रोज ब्रश करता ना?”

“करतो की.”

मी आणून दिलेल्या ब्रशने ते टेबलफॅनची जाळी साफ करतात. दातांना बोट आणि मिश्री. मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी नीट तपासलं. “वरचे दोन हलतायत, ते काढू. बाकीचे टिकतील. हिरड्या साफ करून देतो, मिश्री सोडा, दोन वेळा ब्रश करा. पण अधूनमधून दाखवायला यावं लागेल.”

“त्यापेक्षा वरचे सगळेच काढा नि कवळी द्या,” आजोबा म्हणाले. “या बायला सारखी रजा टाकायला नको.”

डॉक्टर माझ्याकडे वळले आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे ते त्यांनी इंग्रजीत विचारलं. डॉक्टर काय, बँकवाले काय, माझ्याशी इंग्रजीतच बोलतात. इंग्रजी शाळेचा शिक्का चेहऱ्यावर असावा. अशा वेळी मी ‘ओके’ म्हणून सुटते. तेच ओठांवर आलं होतं. पण आजोबा जिभेने टाळू चाचपत होते, आणि मला बाहेरच्या आजी आठवल्या.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आजोबा, कवळीने टाळू झाकली जाते. तारलीचा काटा कळायचा नाही. दोनच दात काढू. रजेचं मी बघते. आणि पंख्याला वेगळा ब्रश आणते.”